कुलूप, किल्ली आणि कॉफी : कॅप्सूल-यंत्राच्या निवडीमागचा इतिहास

१

घरातले कॉफीचे यंत्र बंद पडल्यावर त्याच्या जागी दुसरे कोणते आणावे, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांनी चर्चेला घ्यावा इतका गंभीर आहे काय, अशी शंका कोणी घेतली तर ती रास्तच म्हणावी लागेल. मिक्सर, इस्त्री, पाण्याचा पंप यांच्यावर आपण निबंध लिहीत नाही. परंतु मिक्सर बदलताना जुन्या मिक्सरचा इतिहास ठाऊक असण्याची गरज पडत नाही. नव्या भांड्यातही तेच खोबरे, तीच मिरची, तेच वाटण. कॅप्सूल-यंत्राचे तसे नाही. जुन्याच्या जागी दुसऱ्या जातीचे यंत्र आले, की फडताळात उरलेल्या कॅप्सूल त्याच दिवशी निरुपयोगी होतात. त्यांतली कॉफी उत्तम असते, डबी हवाबंद असते, मुदतही संपलेली नसते. फक्त नव्या यंत्राच्या खाचेत ती बसत नाही.

ज्यांच्या घरी हे यंत्र नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे, तर कॅप्सूल म्हणजे दळलेल्या कॉफीची, एका कपापुरती, हवाबंद छोटी डबी. ती यंत्रात ठेवायची, कळ दाबायची. यंत्र तिला भोके पाडते, आतून तापलेले पाणी दाबाने सोडते आणि मिनिटाच्या आत कपात कॉफी पडते. रिकामी डबी फेकून द्यायची. दळण, माप, गाळणी, भांडी घासणे यांपैकी काहीही उरत नाही.

असे यंत्र निवडू पाहणाऱ्याला बाजार जी कोष्टके पुरवतो त्यांत पाण्याच्या टाकीचे माप, दाबाचा आकडा, रंग आणि किंमत हे रकाने असतात. आमचे म्हणणे असे, की या कोष्टकांत मूळ रकानाच नसतो. ग्राहक निवडतो असे वाटते ते यंत्र. प्रत्यक्षात तो निवडतो कॅप्सूलचा आकार, आणि त्या आकारावर कोणाची सत्ता आहे हेही त्याबरोबरच निवडतो. ही सत्ता कशी आली, तिला कोणी आव्हान दिले आणि ती कोठे मोडली, याचा इतिहास सुमारे पन्नास वर्षांचा आहे. तो समजून घेतल्याशिवाय केलेली निवड ही निवड नव्हे, असे आम्हांस वाटते.

२

या इतिहासाची पूर्वपीठिका इटलीत आहे. १८८४ साली तुरीन शहरात अँजेलो मोरिओंडो याने वाफेच्या साहाय्याने झटपट कॉफी करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. १९०१ साली मिलानच्या लुइजी बेझेराने त्यात महत्त्वाची सुधारणा केली आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याच्यासमोर, त्याच्यापुरती कॉफी करून देणे शक्य झाले. एस्प्रेसो या शब्दाशी आज जी चव आणि वर जो बदामी फेस निगडित आहे, तो मात्र बराच नंतरचा. अकिले गाज्जियाने १९३८ पासून केलेल्या प्रयोगांतून दुसऱ्या महायुद्धानंतर तरफेची यंत्रे आली. त्यांत वाफेऐवजी दट्ट्याच्या जोराने पाणी कॉफीतून जाऊ लागले, दाब कितीतरी पटींनी वाढला आणि तो फेस, ज्याला इटालियन लोक क्रेमा म्हणतात, कपावर तरंगू लागला.

या साऱ्या प्रगतीत एक गोष्ट घरापासून दूरच राहिली. एस्प्रेसो हे कॅफेचे पेय होते आणि कॅफेत ते एका माणसाच्या हातात होते. दाणे किती बारीक दळावेत, पूड किती दाबून बसवावी, पाणी केव्हा थांबवावे हे तो हात जाणत असे. घरासाठी १९३३ साली अल्फोन्सो बिआलेत्तीने ॲल्युमिनियमचे मोका भांडे काढले आणि ते इटलीच्या घराघरांत गेले. पण त्यात दाब थोडा, म्हणून पेय वेगळे. कॅफेतला हात घरी कसा आणायचा, हा प्रश्न तसाच राहिला.

या प्रश्नाला दोन उत्तरे जवळपास एकाच काळात पुढे आली आणि त्या दोहोंमधला फरक हाच आमच्या विवेचनाचा कणा आहे.

पहिले उत्तर इटलीतले. त्रिएस्ते शहरातील ईली या कॉफी-घराण्याने १९७० च्या दशकात मोजून दाबलेली कॉफी दोन कागदांच्या मध्ये बंद करून तिची चपटी वडी बनवली. पुढे ४४ मिलिमीटर व्यास आणि सुमारे सात ग्रॅम कॉफी हे तिचे माप ठरले, आणि १९९८ साली अनेक उत्पादकांनी एकत्र येऊन त्या मापाला सामाईक मानकाचे रूप दिले. ई.एस.ई. या नावाने ते ओळखले जाते. या मापाची वडी कोणीही भरावी, या मापाचे यंत्र कोणीही करावे, ग्राहकाने दोन्ही हवे तेथून घ्यावे.

दुसरे उत्तर स्वित्झर्लंडमधले. नेस्लेमध्ये १९७५ साली रुजू झालेल्या एरिक फाव्र या अभियंत्याने दिलेले. त्यांनी पुढे सांगितलेल्या हकिगतीनुसार, स्विस कॉफीला नावे ठेवणाऱ्या आपल्या इटालियन पत्नीसह ते उत्तम एस्प्रेसोच्या शोधात इटलीत हिंडले. रोममध्ये पॅन्थिऑनजवळच्या सांत एउस्टाकिओ या कॅफेपुढे त्यांना गर्दी दिसली. तेथला कॉफी करणारा तरफ एकदाच न ओढता ती पुनःपुन्हा हलवत असे, त्यामुळे पाण्याबरोबर हवाही कॉफीत दाबली जाई आणि फेस दाट येई, असे त्यांच्या लक्षात आले. हवा, पाणी आणि दाब यांचा हा मेळ हवाबंद डबीत साधावा, ही कल्पना त्यातून निघाली. १९७६ साली तिचे पहिले पेटंट झाले.

३

कल्पना झाली, पण ती दहा वर्षे पडून राहिली. नेस्लेपाशी १९३८ पासून नेसकॅफे होती. झटपट कॉफीच्या त्या साम्राज्याला घरच्या एस्प्रेसोची निकड वाटेना. १९८६ साली नेस्प्रेसो ही स्वतंत्र उपकंपनी स्थापन झाली आणि यंत्रे प्रथम मुख्यतः कार्यालयांना विकून पाहिली गेली. तो प्रयत्न फसल्यातच जमा होता. १९८८ साली झाँ-पॉल गायार हे व्यवस्थापक आले आणि त्यांनी रोख कार्यालयांकडून सुखवस्तू घरांकडे वळवला. कॅप्सूल दुकानांत न ठेवता सभासदांच्या मंडळामार्फत थेट घरपोच पाठवण्याची पद्धत सुरू झाली. यंत्रे बनवण्याचे काम मात्र कंपनीने स्वतःकडे ठेवले नाही. ते टर्मिक्स, क्रुप्स, पुढे डेलाँगी अशा घरगुती उपकरणांच्या उत्पादकांकडे गेले.

या रचनेतली मेख येथे आहे. यंत्र अनेकांनी करावे, त्यांच्यात स्पर्धा व्हावी, किंमत उतरावी. कॅप्सूल मात्र एकानेच भरावी. यंत्र एकदा विकले जाते, कॅप्सूल रोज. दिवसाला दोन कप धरले तर वर्षाला ७३० कॅप्सूल होतात आणि पाच वर्षांत ३,६५०. पाच वर्षांनी यंत्र बंद पडते तेव्हा त्यावर झालेला खर्च या ३,६५० कॅप्सूलांच्या किमतीपुढे किरकोळ ठरलेला असतो. कुलूप स्वस्तात द्यावे आणि किल्ली रोज नवी विकावी, असा हा व्यवहार. दाढीच्या पात्यांच्या धंद्यात तो जुनाच होता. स्वयंपाकघरात तो इतक्या यशस्वीपणे प्रथमच आला.

मग प्रश्न असा, की मोकळे मानक असलेली कागदी वडी मागे का पडली? तांत्रिक कारण सांगता येते. दळलेली कॉफी हवेने लवकर शिळी होते. कागदाची वडी हवाबंद नसल्याने प्रत्येक वडी वेगळ्या वेष्टनात ठेवावी लागते, तर ॲल्युमिनियमची डबी स्वतःच वेष्टन असते. पण आम्हांस दुसरे कारण अधिक निर्णायक वाटते. जे सर्वांचे असते त्याची जाहिरात करण्यात कोणाचाच विशेष लाभ नसतो. ज्याच्या मालकीचा आकार आहे त्याला मात्र त्या आकाराच्या प्रसारावर अमाप खर्च करणे परवडते. मोकळे मानक बाजारात हरले याचा अर्थ ते कमी प्रतीचे होते असा नव्हे. त्याच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते, इतकाच.

४

अटलांटिकच्या पलीकडे हीच गोष्ट थोड्या वेगळ्या पात्रांनिशी घडली. जॉन सिल्व्हन आणि पीटर ड्रॅगोन या महाविद्यालयीन मित्रांनी १९९२ साली मॅसॅच्युसेट्समध्ये क्युरिग ही कंपनी काढली. प्रश्न कार्यालयातल्या कॉफीचा होता: सकाळी केलेली किटलीभर कॉफी दुपारपर्यंत करपून कडू होत असे. त्यांचा पेला प्लास्टिकचा, आत कागदाची गाळणी, वर पातळ झाकण. १९९८ साली यंत्र कार्यालयांत आले, २००४ साली घरासाठीचे यंत्र निघाले आणि २००६ साली ग्रीन माउंटन या कॉफी-कंपनीने क्युरिग विकत घेतली. अमेरिकेतील अनेक मराठी घरांच्या ओट्यावर चहाच्या भांड्याशेजारी जे यंत्र दिसते ते बहुधा याच कुळातले.

२०१२ साली के-कप या पेल्याची मूळ पेटंटे संपली. त्याबरोबर अनेक दुकाने आणि कॉफी-कंपन्या स्वतःचे पेले भरू लागल्या आणि किमती उतरल्या. यावर कंपनीने २०१४ साली जे उत्तर दिले ते या इतिहासातले सर्वांत बोलके प्रकरण आहे. क्युरिग २.० या नव्या यंत्रात झाकणावरची विशिष्ट शाई ओळखणारा डोळा बसवण्यात आला. ती शाई नसेल तर यंत्र कॉफी करण्यास नकार देई. स्वतःची पूड भरण्यासाठी जी छोटी जाळी पूर्वी वापरता येत असे, तीही या यंत्रात चालेना. म्हणजे ज्याने आपल्या पैशाने यंत्र घेतले आणि आपल्या पैशाने कॉफी घेतली, त्याला आपल्याच घरात ती दोन्ही एकत्र आणण्यास मज्जाव.

ग्राहकांनी यावर शोधलेला उपाय साधा होता. अधिकृत पेल्याच्या झाकणाचा तुकडा कापून तो यंत्राच्या डोळ्यापुढे चिकटवून ठेवायचा. प्रतिस्पर्धी न्यायालयात गेले; यंत्रांची विक्री घसरली. मे २०१५ मध्ये कंपनीचे प्रमुख ब्रायन केली यांनी जाळी काढून घेणे ही चूक होती, असे जाहीरपणे मान्य केले आणि ती परत आणली. कोट्यवधी घरांत पोहोचलेल्या कंपनीला कात्री आणि चिकटपट्टीने माघार घ्यायला लावल्याची उदाहरणे फार नाहीत.

५

युरोपात हाच झगडा न्यायालयांत झाला आणि तेथे जो प्रश्न विचारला गेला तो साहित्याच्या विद्यार्थ्यांना अपरिचित वाटू नये. नेस्प्रेसोला घराघरांत नेणारे गायार पुढे कंपनीबाहेर पडले आणि त्यांनी २००८ साली स्वतःची एथिकल कॉफी कंपनी स्थापन केली. २०१० पासून त्यांच्या विघटनशील कॅप्सूल फ्रान्समध्ये विकल्या जाऊ लागल्या, त्या नेस्प्रेसोच्याच यंत्रात बसणाऱ्या. ज्याने कुलूप लोकप्रिय केले त्यानेच दुसरी किल्ली घडवली.

लंडनच्या उच्च न्यायालयात २०१३ साली ड्युअलिट या ब्रिटिश कंपनीविरुद्धचा खटला चालला. नेस्लेच्या बाजूचा युक्तिवाद असा: आमचे पेटंट यंत्र आणि कॅप्सूल मिळून होणाऱ्या संपूर्ण व्यवस्थेचे आहे. ग्राहक आमच्या यंत्रात दुसऱ्याची कॅप्सूल घालतो तेव्हा तो ती व्यवस्था नव्याने ‘बनवतो’, आणि तसे बनवण्याचा परवाना त्याला नाही. त्याला साधन पुरवणारी ड्युअलिट म्हणून दोषी. न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी हे मानले नाही. ज्याने यंत्र रीतसर विकत घेतले त्याने त्यात कॅप्सूल घालणे म्हणजे यंत्र-व्यवस्था नव्याने बनवणे नव्हे, तर घेतलेली वस्तू वापरणे होय, हा त्या निर्णयाचा एक गाभा. शिवाय ते पेटंटही त्यांनी अवैध ठरवले.

‘बनवणे’ आणि ‘वापरणे’ यांतली सीमारेषा कोठे आखायची, हा प्रश्न आपण वर्गात वेगळ्या शब्दांत मांडत असतो. वाचक संहिता वाचतो तेव्हा तो तिचा उपभोक्ता असतो की सहनिर्माता? साहित्यविचारात सहनिर्माता ठरणे हा वाचकाचा गौरव असतो. न्यायालयात मात्र तोच गौरव ग्राहकावर आरोप म्हणून ठेवला गेला होता: तू बनवतोस, म्हणून तू अपराधी. न्यायालयाने त्याला साधा वापरणारा ठरवले आणि त्यातच त्याचे स्वातंत्र्य राहिले.

फ्रान्समध्ये २०१४ साली स्पर्धा-नियामक संस्थेपुढे नेस्प्रेसोने काही बांधिलक्या स्वीकारल्या. यंत्रात तांत्रिक बदल करायचा असेल तर तो प्रतिस्पर्धी कॅप्सूल-उत्पादकांना किमान चार महिने आधी कळवायचा. दुसऱ्याची कॅप्सूल वापरली एवढ्यावरून यंत्राची हमी नाकारायची नाही. आज यंत्र बदलू पाहणाऱ्याने यांतली दुसरी गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. हमीच्या भीतीने किती घरांत वर्षानुवर्षे महागडी कॅप्सूल आली असेल, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

शेवटचा महत्त्वाचा निवाडा स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाचा, २०२१ चा. पेटंटला मुदत असते; बोधचिन्हाचे मात्र नूतनीकरण करत राहता येते. कॅप्सूलचा आकारच बोधचिन्ह म्हणून नोंदवला होता, म्हणजे पेटंट संपले तरी आकाराची मालकी अबाधित राहावी. न्यायालयाने सांगितले, की हा आकार तांत्रिकदृष्ट्या आवश्यक आहे. त्या यंत्रात कॅप्सूल घालायची तर ती तशीच असावी लागते, म्हणून त्यावर असा कायमचा हक्क सांगता येणार नाही.

पुस्तकांच्या जगात आपल्याला याचे महत्त्व चटकन कळते. साने गुरुजींचे निधन १९५० सालचे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांचे होते, त्यामुळे २०११ पासून त्यांची पुस्तके कोणीही छापू शकतो. मुदतीचा हक्क लेखकाला आणि प्रकाशकाला न्याय देतो. मुदत संपणे हे समाजाला न्याय देते. मुदत संपल्यावर मुखपृष्ठाचा आकार पुढे करून पुस्तक पुन्हा बंद करण्याची सोय कोणी मागितली, तर आपण ती देणार नाही.

६

कायद्याने आकार मोकळा केला, तेव्हा कुलूप आकाराकडून चिन्हाकडे सरकले. क्राफ्टच्या टॅसिमो या यंत्राने २००४ सालीच कॅप्सूलवरचा बारकोड वाचण्यास आरंभ केला होता. २०१४ साली नेस्प्रेसोने अमेरिका आणि कॅनडात व्हर्चुओ ही नवी प्रणाली आणली. तिची कॅप्सूल घुमटाकार, जुन्या यंत्रात न बसणारी. तिच्या कडेवर बारकोड असतो. यंत्र कॅप्सूलला मिनिटाला सात हजार फेऱ्यांपर्यंत गरगर फिरवते आणि केंद्रोत्सारी बलाने पाणी कॉफीतून बाहेर ढकलते. वेग किती, पाणी किती, तापमान किती हे यंत्राला त्या बारकोडवरून कळते.

येथे न्याय्यपणे बोलले पाहिजे. बारकोड हे केवळ कुलूप नाही. चाळीस मिलिलिटरची एस्प्रेसो आणि मोठा पेलाभर कॉफी एकाच यंत्रातून काढायची, तर कोणत्या डबीला काय हवे हे यंत्राला कळायलाच हवे. ज्यांना मोठा पेला प्रिय आहे त्यांची या यंत्राने खरोखर सोय केली आहे. परंतु जे चिन्ह सूचना देते तेच चिन्ह दाराशी ओळखपत्रही तपासते. यंत्र आता वाचक झाले आहे; तेही असे वाचक, ज्याला एकाच प्रकाशनाची लिपी येते.

कचऱ्याचा प्रश्न याच काळात ऐरणीवर आला. २०१६ साली हॅम्बुर्ग शहराने सार्वजनिक पैशातून कॅप्सूल-कॉफी खरेदी करण्यास मनाई केली. सहा ग्रॅम कॉफीसाठी तीन ग्रॅम वेष्टन, हे प्रमाण तेव्हा पुढे मांडले गेले. त्या मापाने दिवसाला दोन कप पिणाऱ्या माणसामागे वर्षाला चार किलोंहून थोडी अधिक कॉफी आणि दोन किलोंहून अधिक वेष्टन होते. त्याआधी वर्षभर, २०१५ साली, के-कपचे जनक सिल्व्हन यांनी आपण हे केले याचे कधीकधी वाईट वाटते, असे एका मुलाखतीत सांगितले होते. त्यांच्या स्वतःच्या घरी ते यंत्र नव्हते.

२०२२ साली स्वित्झर्लंडच्याच मिग्रोस या सहकारी व्यापारसंस्थेने डबीच काढून टाकली. कॉफी दाबून तिचा गोळा करायचा, त्यावर समुद्रशैवालापासून मिळणाऱ्या द्रव्याचे पातळ आवरण द्यायचे आणि वापरून झालेला गोळा सरळ मातीत टाकायचा. वेष्टन गेले, ही मोठीच गोष्ट. पण हा गोळा चालतो त्याच्यासाठीच बनवलेल्या यंत्रात. कचरा संपला, खाच उरली.

७

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जुने यंत्र बंद पडले. दुसरे कोणते आणावे?

आमच्यापैकी एका घरी परदेशातून आलेले असे यंत्र होते. ते थांबले तेव्हा दुरुस्तीविषयी विचारले असता, नवेच घ्या, हे उत्तर मिळाले. त्या निमित्ताने आम्ही हा इतिहास वाचला आणि आमच्यापुरते काही निकष ठरवले. ते येथे नोंदवतो.

पहिला निकष आकड्यांविषयी सावध राहण्याचा. खोक्यावर पंधरा किंवा एकोणीस बार असा दाबाचा आकडा ठळक छापलेला असतो. एस्प्रेसोसाठी कॉफीपाशी साधारण नऊ बार पुरतात, हा कॅफेतल्या यंत्रांचा जुना दंडक आहे. खोक्यावरचा आकडा पंपाच्या कमाल क्षमतेचा असतो. तो मोठा म्हणून कॉफी चांगली, असे होत नाही.

दुसरा निकष खाचेचा. यंत्राच्या आधी कॅप्सूल पाहावी: हा आकार किती जण भरतात? नेस्प्रेसोचा मूळ लहान आकार आणि के-कप हे दोन्ही आज मोकळे आहेत. मूळ आकाराच्या कॅप्सूल भारतातल्या काही कॉफी-व्यावसायिकांनीही काढल्या आहेत. स्वित्झर्लंडमध्ये ठरलेल्या खाचेत आज चिकमगळूरची कॉफी बसू शकते, ती २०१२ नंतरच्या संघर्षामुळे. बारकोडच्या प्रणाली किंवा नवे गोळे घेऊ नयेत असे आमचे म्हणणे नाही. घेताना आपण एका दुकानाशी किती वर्षांचा करार करतो आहोत हे समजून घ्यावे, इतकेच.

तिसरा निकष असा, की स्वतःची पूड भरता येते का? मोकळ्या आकारांसाठी पोलादाच्या पुनर्वापरायोग्य कॅप्सूल मिळतात. त्यांत दळण जमवावे लागते, फेस नेहमी येत नाही, धुण्याचे काम परत येते. म्हणजे जो हात वजा करण्यासाठी हे यंत्र जन्माला आले तो हात थोडासा परत द्यावा लागतो. ज्यांना तेवढा वेळ आहे त्यांना कचरा आणि खर्च दोन्ही बरेच कमी करता येतात. ज्यांना तेवढाही वेळ नाही त्यांच्यावर नैतिक शेरेबाजी करण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. आजाऱ्याची शुश्रूषा करत जागणाऱ्याला किंवा पहाटे कामावर निघणाऱ्याला कळ दाबून मिळणारा कप ही लहान गोष्ट नसते.

आणि चौथा निकष, जो कोष्टकात कधीच नसतो: असे यंत्र मुळात हवे आहे का? मराठी घरातली जुनी कॉफी ही दुधात उकळलेली, गोड, वर जायफळ किसून घातलेली. तिच्यासाठी पातेले आणि किसणी पुरते. ती एस्प्रेसो नव्हे आणि एस्प्रेसोची जागा ती घेणार नाही. पण तिच्यात जायफळ किती, हे घरातले माणूस ठरवते. हवाबंद डबीत हे ठरवणे आधीच कोठेतरी होऊन गेलेले असते. या दोन सुखांपैकी आपल्याला कोणते हवे आहे, हे ओळखले की निम्मी निवड झालीच.

त्या घरासाठी अखेर जुन्या मोकळ्या आकाराचेच, साधे, बारकोड नसलेले यंत्र घ्यायचे ठरले. ते सर्वोत्तम म्हणून नव्हे. लंडनच्या न्यायालयापासून अमेरिकेतल्या कात्री-चिकटपट्टीपर्यंत अनेक अनोळखी माणसांनी आपल्या वस्तू आपल्या मर्जीने वापरण्याचा हक्क लावून धरला, आणि त्यामुळेच आज आपल्यासमोर एकाहून अधिक पर्याय आहेत. बाजार पर्याय आपण होऊन देत नाही. कोणीतरी ते मागून, भांडून मिळवलेले असतात. यंत्र बदलण्याची वेळ पाच-सात वर्षांतून एकदा येते. तेवढ्या एका दिवशी खाचेचा आकार नीट पाहून घेतला, तर पुढल्या सुमारे दोन हजार सकाळी कोणाच्या हाती द्यायच्या हे आपण ठरवलेले असेल.